बछेरा खातो तर भरपूर, मग अंगाला का लागत नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात गाई-म्हशीवाल्यांनी जरा माफ करावं राजेहो, कारण टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घोड्यांचीच पत्रं जास्त निघाली, आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीबद्दल, की शिंगरू आणलंय, खायला घालतोय, पण ते भरत नाही. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच देतो. दुधाळ जनावरांचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : नमस्कार. मी कळमेश्वर तालुक्यातला, संत्र्याची बाग आहे. डिसेंबरमध्ये सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी बछेरा आणला, आता दीड वर्षाचा होऊन राहिला. रोज दोन किलो चना भिजवून देतो, सकाळ-संध्याकाळ मिळून दीड किलो चोकर (गव्हाचा कोंडा), वरून पावभर गूळ. कुटार (मळणीनंतरचा भुसा) तर पुढ्यात असतंच. तरी बरगड्या मोजता येतात, पाठीचा कणा वर आलाय आणि पोट मात्र खाली सुटलंय. टेपनं मोजलं तर छातीचा घेर ५६ इंच आणि लांबी ५० इंच भरली. कोणी म्हणते सरकी ढेप चालू कर, कोणी म्हणते चना तीन किलो कर. मला बछेरा लठ्ठ नाही पाहिजे, मसल पाहिजे, मागचा पुठ्ठा गोल दिसला पाहिजे. काय करू? गावातले हसून राहिले माझ्यावर.
एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : दादा, चंदीचा, म्हणजे दाण्या-खुराकाचा, हिशेब तुम्ही पावशेरापर्यंत दिला आणि चाऱ्याबद्दल लिहिलं फक्त एवढंच की कुटार पुढ्यात असतंच. गडबड तिथंच आहे. पण आधी माप पाहू, कारण ते तुम्ही पाठवलं हे फार बरं केलं, नाहीतर लोक नुसते फोटो पाठवतात आणि फोटोत केस वाढलेलं शिंगरूसुद्धा भरलेलं दिसतं.

घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचात, आणि वर्ष-दीड वर्षाच्या शिंगरासाठी त्याला ३०१ नं भागायचं, म्हणजे पौंडात वजन येतं (मोठ्या घोड्याला ३३० नं भागतात). तुमचा आकडा ५२१ पौंड, म्हणजे २३६ किलोच्या आसपास. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत तिरपी घेतली असेल असं धरतो. आता दीड वर्षाला घोड्यानं मोठेपणीच्या वजनाच्या साधारण ८० टक्के गाठलेले असतात आणि उंचीच्या ९५ टक्के. तुमचा बछेरा पुढे ३८० किलोचा होणार धरला तर आज तो ३०० च्या जवळ पाहिजे होता. म्हणजे साठ-पासष्ट किलोची तूट आहे, आणि उंची जवळजवळ पूर्ण झाल्यामुळे ती डोळ्यात भरते. गावातले हसतात ते या उंचीमुळे, बछेरा काही वाया गेलेला नाही.

बरगड्या दिसतात, कणा वर, पोट खाली. हे चित्र एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात तीन गोष्टी येतात, जंत, निकृष्ट चारा आणि प्रोटीनची कमी, आणि बहुतेक वेळा तिन्ही सोबतच असतात. म्हणून चना वाढवायच्या आधी एक आठवडा तपासणीला द्या. ताजी लीद डबीत घेऊन पशुवैद्यकाकडे न्या आणि जंतांची अंडी मोजून घ्या. दीड-दोन वर्षांपर्यंतच्या शिंगरांत मोठे गोल जंत भयानक होतात, हातभर लांबीचे पांढरे, आणि भार फार असेल आणि तुम्ही एकदम जोरदार औषध पाजलं तर मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. त्यामुळे औषध कोणतं, किती आणि कोणत्या क्रमानं हे डॉक्टरच ठरवतील, मेडिकलवाला नाही. आणि गाईला टोचतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, घोड्यासाठी ते तोंडानं द्यायच्या पेस्टमध्ये येतं. त्याच भेटीत दात पाहून घ्या. या वयात दाढांच्या कडा धारदार होतात, गाल सोलतात, आणि बछेरा गवताचे चघळलेले गोळे करून खाली टाकतो. चंदी मात्र गिळून टाकतो, म्हणून मालकाला वाटतं की खातोय तर मस्त.

आता कुटार. सोयाबीनचं, तुरीचं, गव्हाचं, कोणतंही असो, ते बैलाचं खाणं आहे. बैल रवंथ करतो, त्याच्या पोटाची व्यवस्था वेगळी. घोड्याचं पोट एकच आणि लहान, मोठ्या घोड्याचंसुद्धा जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि चारा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, तिथल्या जंतूंच्या भरवशावर. कुटारातलं कडक लाकडासारखं तंतू त्या जंतूंनाही फुटत नाही, ते नुसतं आतडं भरून ठेवतं, म्हणून पोट सुटतं. त्यात प्रोटीन जेमतेम तीन-चार टक्के. पाणी कमी प्यायला तर त्याचाच बोळा बसतो.

त्याच्या जागी गवत पाहिजे. हरळी मिळाली तर सोनं, नाहीतर कुरणातलं मारवेल, पवन्या, पण फुलोऱ्यात कापलेलं. आपल्याकडे दिवाळीनंतर निवांत कापतात तोवर त्यातला जीव गेलेला असतो, आणि त्यात कुसळी असली तर कुसळं हिरड्यात रुतून तोंड सुजतं ते वेगळंच. बुरशीचा वास आला की ती पेंढी बाजूला, घोड्याला देऊ नका, आणि तुमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसात भिजलेलं असणारच काहीतरी, ते आधी वेगळं काढा. शिंगराला दिवसाला एकूण सुकं खाणं वजनाच्या दोन ते अडीच टक्के लागतं, म्हणजे तुमच्याकडे पाच ते सहा किलो, आणि त्यातलं निदान चार किलो गवत. ते दिवसभर थोडं थोडं पुढ्यात राहिलं पाहिजे. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत असतं, खाणं असो नसो, तासन् तास रिकामा ठेवला की अल्सर होतो, आणि अल्सरवाला घोडा चंदी पाहून तोंड फिरवतो.

गवतासोबत लसूणघास, हिरवी चार-पाच किलो किंवा सुकी एक किलो. प्रोटीनही देते आणि कॅल्शियमही, तुमच्या बछेऱ्याला दोन्ही पाहिजे. दिवाळीच्या सुमारास बांधाला दोन गुंठे लावून टाका, पहिली कापणी दोनेक महिन्यांत, मग दर महिन्याला, दोन-तीन वर्षं पुरते. तोपर्यंत विकत घ्यावी लागेल.

आता तुमचा चोकर. एका किलो चोकरात फॉस्फरस साधारण ११ ग्रॅम आणि कॅल्शियम सव्वा-दीड ग्रॅम. वाढत्या घोड्याला उलटं पाहिजे, फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. चन्यातही फॉस्फरसच जास्त. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून काढतं, हाडं पोकळ होतात, थोबाडाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात, घोडा कधी या पायानं लंगडतो कधी त्या पायानं. जुन्या काळी पिठाच्या गिरण्यांवरचे घोडे कोंड्यावरच पोसायचे, त्यांच्यात हा रोग ठरलेला. तर चोकर बंद, किंवा फार झालं तर औषध मिसळायला एक मूठ. लसूणघास मिळेस्तोवर फीड ग्रेडची चुनखडीची भुकटी २० ग्रॅम रोज चंदीत. खर्ऱ्यात तंबाखूसोबत घालतात तो चुना नव्हे बरं, हे सांगावं लागतं कारण कोणीतरी विचारलंय.

चंदी अशी करा, दिवसाची. भरडलेले ओट एक किलो, मिळाले नाही तर जव भरडून भिजवून. चना अर्धा किलो. सोयाबीनची ढेप, ज्याला बाजारात डीओसी म्हणतात, पाव किलो. जवस पन्नास-पंचाहत्तर ग्रॅम, भरपूर पाण्यात चांगलं उकळून. चांगल्या कंपनीचं घोड्याचं मिनरल मिक्स्चर पाकिटावर लिहिलंय तेवढं, मीठ २५ ग्रॅम. तेल, सोयाबीनचं किंवा राइस ब्रान, दोन चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत १०० मिलीपर्यंत. लीद पातळ झाली तर मागे या.

सोयाबीनची ढेप का, तर मसलसाठी. मांस बनायला नुसतं प्रोटीन पुरत नाही, त्यात लायसिन नावाचा घटक पाहिजे आणि घोड्याच्या खाण्यात तोच सगळ्यात आधी कमी पडतो. तो कमी पडला की बाकीचं प्रोटीन कितीही घाला, ते मांसाला लागत नाही, जळून जातं आणि मुताला अमोनियाचा उग्र वास मारतो. ओटमध्ये लायसिन कमी, चन्यात बरं, सोयाबीनच्या ढेपेत जवळजवळ तीन टक्के. तुमच्या बछेऱ्याला रोज साधारण ६०० ग्रॅम प्रोटीन आणि त्यात २५-२६ ग्रॅम लायसिन लागतं, वरच्या खाण्यात ते बसून थोडं उरतं. एक लक्षात ठेवा, कच्चं सोयाबीन घरचं आहे म्हणून टाकू नका, त्यात प्रोटीन पचू न देणारं द्रव्य असतं, ते भाजल्याशिवाय जात नाही. ढेप कारखान्यात तापवलेली असते. आणि सरकी ढेप कोणी सांगितली त्याला सांगा बैलाला घाल, सरकीत गॉसिपॉल असतं, वाढत्या जनावराला ते नको.

ही चंदी तीन भागांत द्या, आणि आधी गवत, मग चंदी. एका वेळी दाणा वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या वर नको, म्हणजे तुमच्यासाठी किलो-सव्वा किलो ही शेवटची हद्द. जास्त झाला की स्टार्च पचल्याशिवाय मागच्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, मग पोटशूळ नाहीतर लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज), आणि घोड्याला ओकता येत नाही. चना सहा-आठ तासच भिजवा, नागपूरच्या उन्हाळ्यात रात्रभर ठेवला की सकाळी फेस येतो आणि आंबट वास. आणि हे सगळं एकदम बदलू नका, दहा ते चौदा दिवस घ्या, जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त.

राहिला पुठ्ठा. तो तोबऱ्यातून येत नाही. अगाडी-पिछाडी बांधून दिवसभर उभा ठेवलेला घोडा चांगलं खाऊन लठ्ठ होईल, पुठ्ठा गोल होणार नाही. मोकळं सोडायला जागा करा, काटेरी तार सोडून कोणतंही कुंपण चालेल. जंतांचं उरकलं आणि जरा जीव आला की रोज हातात धरून चालवा, अर्ध्या तासापासून सुरू, आणि शेताकडे चढ असेल तर चढावर, सावकाश. चढावर मागच्या पायांचा जोर लागतो, पाठ आणि पुठ्ठा तिथं बनतो. दोरीवर गोल गोल पळवणं या वयात नको, लहान गोलात सांध्यांवर तिरपा ताण येतो. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढीची पट्टी दोन ते अडीच वर्षांपर्यंत उघडी असते.

घाईही नको. दिवसाला चारशे-पाचशे ग्रॅम, महिन्याला बारा-पंधरा किलो वाढ पुष्कळ झाली, म्हणजे दिवाळीपर्यंत तूट भरत येईल. उपाशी शिंगराला एकदम भरभरून दाणा दिला की हाडं आणि सांधे मागे राहतात, गुडघ्याजवळ आणि टाचेच्या वरच्या सांध्याजवळ गाठीसारखी सूज येते, पाय ताठ होतात. असं काही दिसलं की दाणा निम्म्यावर आणा, गवत तसंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दर पंधरा दिवसांनी त्याच टेपनं, त्याच वेळी माप घ्या. आणि हात फिरवून पाहा. १९८३ मध्ये टेक्सासच्या हेनेके नावाच्या संशोधकानं घोड्याच्या अंगलटीची १ ते ९ अशी फूटपट्टी बनवली, मान, खोगिराची जागा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी हात लावून पाहायचं. तुम्हाला ५ पाहिजे, बरगड्या दिसू नयेत पण बोट लावलं की लागाव्यात. तुमचा आज ३ च्या आसपास वाटतो.

प्रश्न : आमचा डेअरीचा धंदा आहे, चाळीस म्हशी. हौसेनं एक शिंगरू पाळलं, त्याला म्हशींचंच हायब्रीड नेपियर कापून टाकतो आणि पशुखाद्याच्या पोत्यातलंच दोन टोपले. भावाचा पोल्ट्री फार्म आहे, त्याचं उरलेलं खाद्य पण चालेल का, प्रोटीन चांगलं असतं म्हणतात.
वाचक, मौदा

उत्तर : पोल्ट्रीचं खाद्य आजच बंद, हे वाक्य वाचून झालं की लगेच उठा आणि त्याचं पोतं तबेल्यातून बाहेर न्या. कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवीचा रोग) होऊ नये म्हणून त्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन असली औषधं मिसळतात. कोंबडीला चालतं ते घोड्याला विष आहे, दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅम मोनेन्सिन पोटात गेलं तर जनावर मरू शकतं. हृदयाचा स्नायू मरतो. यावर उतारा नाही, आणि त्यातून वाचलेला घोडा पुढे कधीतरी पळता पळता कोसळतो. गाईच्या काही पशुखाद्यातही मोनेन्सिन घालतात, म्हणून पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय तेही नको, आणि युरिया असेल तर तो घोड्याच्या काही कामाचा नाही. एकच घमेलं, एकच फावडं दोन्हीकडे वापरू नका.

नेपियर कमी धोक्याचं वाटतं कारण त्यानं लगेच काही होत नाही. पण त्यात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि घोड्याला ते कॅल्शियम मिळतच नाही. महिनोन् महिने तेच खाल्लं की वर चोकरासाठी लिहिलं तोच हाडांचा रोग. पॅरा गवत, सेटारिया यांचंही तेच. थोडंफार तोंडात गेलं तर काही बिघडत नाही, पण मुख्य चारा म्हणून गवत आणि लसूणघासच. आणि पावसाळ्यात कोवळी हिरवी ज्वारी म्हशींना कापून आणता ना, तीही शिंगराला नको, घोड्यात त्यानं मूत्राशय सुजतं आणि मागचे पाय लुळे पडतात.

प्रश्न : वरातीच्या घोड्यांचा आमचा खानदानी धंदा आहे, सक्करदऱ्याला. एक पांढरी बछेरी आहे, दोन वर्षांची, दिसायला एक नंबर पण बारीक आहे. तुळशीच्या लग्नानंतर सीझन चालू होते तेव्हा तिला उतरवायचं आहे. एक जण ताकदीचे इंजेक्शन देतो म्हणते, महिनाभरात घोडी भरते म्हणे. दुसरा म्हणते जिमचा प्रोटीन पावडर चालू कर. खरं काय?
वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, महिनाभरात घोडी भरवणारं इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड. रेसकोर्सवर त्याच्यावर बंदी का आहे याचा विचार करा. वाढत्या जनावरात हाडांच्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद पडू शकतात, बछेरी नरासारखी अंगावर यायला लागते, माजाचं चक्र बिघडतं, पुढे व्यायला त्रास. आणि वरातीच्या घोडीचं पहिलं भांडवल तिचा थंड स्वभाव, तोच तुम्ही पैसे देऊन घालवणार. इंजेक्शन थांबलं की भरलेलं अंग उतरतं.

कधी कधी स्टेरॉइड नसून व्हिटॅमिन-सेलेनियमचं मिश्रण असतं, त्याला लोक निरुपद्रवी समजतात. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला पोलोच्या मोठ्या स्पर्धेत एकाच संघाचे २१ घोडे एका दिवसात मेले, कारण त्यांना दिलेल्या ताकदीच्या इंजेक्शनात मिश्रण करताना सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. मोठ्या घोड्याला सेलेनियम दिवसाला एक ते तीन मिलिग्रॅमच लागतं. लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीही टोचून घेऊ नका, कोणीही आणलेलं असो.

जिमचा पावडर विषारी नाही, महाग आहे. त्या डब्याच्या पैशात पाव किलो सोयाबीनची ढेप किती महिने येईल ते कळमन्याच्या बाजारात जाऊन विचारून या. शिवाय त्यातल्या काहींत कॅफिन असतं, काहींत शुगरच्या जागी गोडी आणणारे पदार्थ, ते घोड्याला कशाला.

आता खरं ते सांगतो, रागावू नका. तिचा प्रश्न बारीक असण्याचा नाही, वयाचा आहे. घोड्याच्या कण्याच्या मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी पूर्ण होते, पाच-साडेपाच वर्षं सहज लागतात. पूर्ण वाढलेल्या घोड्यानं सामानासकट आपल्या वजनाच्या २० टक्के उचलावं असा सर्वसाधारण हिशेब आहे, तीनशे किलोच्या घोडीला ६० किलो झाले. नवरदेव पंचाहत्तर किलोचा, पुढ्यात भाचा, खाली जरीचं वजनदार खोगीर, आणि डीजेसमोर डांबरी रस्त्यावर दोन-तीन तास जागच्या जागी उभं राहणं. दोन वर्षांच्या कोवळ्या पाठीवर हे घातलं तर ती पाठ वाकडीच होणार, मग चारा-चंदी काहीही करा. या सीझनला तिला रिकामी, मोठ्या घोडीच्या सोबत वरातीत चालवा, बँड, फटाके, लाइट याची सवय होईल. साडेतीन वर्षांनंतर हलका स्वार, थोडा वेळ. नवरदेव त्याच्याही नंतर. खाणं तेच जे वर कळमेश्वरच्या दादांना सांगितलं, तिच्या वजनाच्या हिशेबानं.

प्रश्न : आमची बछेरी चांगलं खाते, जंताचं औषध दिलं, दातही दाखवले, तरी सुकत चालली आहे. मधूनच दोन दिवस ताप येतो आणि आपोआप उतरतो. पोटाखाली आणि पायांना सूज दिसते.
वाचक, भंडारा रोड

उत्तर : ताई, हा खाण्याचा प्रश्न नाही, चंदी वाढवू नका, रक्त तपासा, आणि लवकर. तुम्ही लिहिलं ते सर्रा या रोगाचं वर्णन आहे. ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी रक्तात वाढतो, आणि तो पसरवतात जनावरांना चावणाऱ्या त्या मोठ्या माशा, आपण गोमाशी म्हणतो त्या. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जास्त. ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, भूक मात्र टिकून राहते म्हणून मालक फसतो. दुसरा संशय गोचिडांपासून होणाऱ्या पायरोप्लाझमोसिसचा, त्यात डोळ्यांच्या आतली कातडी पांढुरकी-पिवळी दिसते, लघवी लालसर होऊ शकते. दोन्हीला औषध आहे पण वेगवेगळं, अंदाजानं टोचून चालत नाही. रक्त ताप चढलेला असताना घेतलं तर परजीवी सापडायची शक्यता जास्त, म्हणून थर्मामीटर आणून ठेवा, घोड्याचं नॉर्मल १०० ते १०१ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. तुमच्या इथे होत नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथं न्या.

आणि एक, नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकपुडीत फोड किंवा पायाच्या कातडीवर गाठी फुटताना दिसल्या तर तिला बाकीच्यांपासून वेगळी बांधा, तिचं पाण्याचं भांडं वेगळं करा आणि सरकारी डॉक्टरांना लगेच कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो, माणसालाही होतो, आणि कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. त्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, नमुने सरकारी डॉक्टरच पाठवतात.

थोडक्यात विचारलेले :

चना उन्हाळ्यात गरम पडतो का, असं हिंगण्याहून विचारलंय. दाणा जास्त आणि काम कमी असलं की घोडा तापट होतो, त्यालाच लोक गरम पडला म्हणतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चना थोडा कमी करून त्याची ताकद तेलातून भरून काढा, कारण तेल पचताना शरीरात उष्णता कमी तयार होते. पाणी मात्र मोजू नका, सावलीत, स्वच्छ, दिवसभर. टाकं उन्हात असलं की पाणी इतकं तापतं की घोडा तोंडच लावत नाही, मग संध्याकाळी पोट दुखायला लागलं म्हणून फोन येतात.

दूध-अंडी द्यावी का? आईचं दूध सुटलेल्या लहान शिंगराला दूध पावडर थोडी चालते. तीन वर्षांच्या पुढे घोड्याला दुधातली साखर नीट पचत नाही. अंड्यानं नुकसान नाही, पण तेवढंच काम ढेप आणि तेल करतं, अंडी घरात खा.

मोड आलेले मूग, चना चालेल का? चालेल, बुरशी नसेल तर. पण वजन मोड येण्याआधीचं धरा, मोड आले की पाण्यानं वजन दुप्पट दिसतं आणि आपल्याला वाटतं फार दिलं.

गूळ किती? ताकदीसाठी म्हणत असाल तर गुळात साखर आहे, प्रोटीन नाही, त्यानं मांस बनत नाही. पावभर रोज कशाला, जंताचं औषध लपवायला लिंबाएवढा खडा पुरतो.